परवान्याचं पिस्तूल आणि दादाचा कान

त्यानं पिस्तुलाची नळी माझ्या ट्रम्पेटच्या तोंडात घातली आणि म्हणाला, "आता वाजव."

भर दुपार होती. अमरावतीच्या बाहेर, बायपासजवळच्या लॉनचं गेट. अंगात बँडचा लाल कोट, जाड, सोनेरी फितीचा, दुसऱ्या कुणाच्या तरी घामाचा वास असलेला. वरात गेटवर येऊन थांबली होती. नवरदेव घोडीवर. आणि समोर नाचणारा त्याचा मामा. परतवाड्याचा ठेकेदार. कमरेला परवान्याचं पिस्तूल. सगळे त्याला मामासाहेब म्हणत होते. रस्त्यात एकदा त्यानं वर आभाळात गोळी झाडली होती. बाया किंचाळल्या आणि मग हसल्या.

माझा गुन्हा काय होता? मी पाणी मागितलं होतं. एकच गाणं तो पुन्हा पुन्हा मागत होता. ओठ सुजले होते. मी म्हटलं, "मामासाहेब, एक घोट पाणी पेतो."

"पाणी? माह्या भाच्याच्या वरातीत बाजा बंद करून पाणी पेतो?"

मग नळी. लोकांनी मोबाईल वर केले. कोणी शिट्टी मारली.

"वाजव बे. नाही तं मी वाजवतो."

मी फुंकलं. हो, मी फुंकलं. केविलवाणा, चिरका आवाज निघाला. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. तोंडात ट्रम्पेट असताना माणूस हसतो तसा, डोळ्यांनी. ते माझं हसू मला आजही आठवतं आणि अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

तेवढ्यात तो झोकांडला. पीत आला होता. त्याचं बोट चापावर होतं, ते मला दिसलं. ट्रम्पेटच्या एका टोकाला त्याचं पिस्तूल, दुसऱ्या टोकाला माझं तोंड. मी विचार नाही केला. डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि वर ढकललं.

गोळी सुटली. गेटच्या कमानीत घुसली. झेंडूची फुलं आमच्या अंगावर पडली. तो मागच्या मागे बसला आणि त्याचा फेटा मातीत पडला.

जीव गेला असता, हे कुणी पाहिलं नाही. फेटा पडला, हे सगळ्यांनी पाहिलं.

पहिली थप्पड मला बँडच्या मालकानं मारली. मग वऱ्हाडातल्या पोरांनी मारलं. कोट फाटला. मी तसाच चालत वस्तीत आलो.

दादा त्या दिवशी नांदगाव खंडेश्वरला वाजवायला गेला होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो क्लॅरिनेट वाजवायचा. बाप गेल्यावर घर त्यानं ओढलं आणि मला फुंकायला त्यानंच शिकवलं. कुठला सूर पडला हे तो रस्त्याच्या पलीकडून, डीजेच्या गोंगाटातून सांगायचा. संध्याकाळी तो आला तोवर सगळ्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ फिरत होता. सुरुवातीचं सगळं कापलेलं. माझ्या हातानं मामासाहेबाचं मनगट धरलं तिथून सुरू. खाली लिहिलं होतं, बँडवाल्यानं पिस्तूल हिसकावलं.

"कावून हात धरला?" दादानं विचारलं.

"गोळी होती ना दादा आत."

"तो काय मारणार होता का तुले? मस्करी करून राह्यला होता."

"गोळीले काय मालूम मस्करी?"

त्यानं माझा फाटका कोट खुंटीला टांगला. मग म्हणाला, "अकोल्याले जा. आत्याकडे. इथलं मी पाहून घेतो."

मी गेलो. हे नीट सांगायला पाहिजे. मला कुणी ओढून नेलं नाही. सकाळच्या एसटीत मीच बसलो आणि बडनेरा मागं पडल्यावर मला बरं वाटलं.

मामासाहेबाच्या तक्रारीवरून पोलीस त्याच सकाळी आले. आई दारासमोरच्या नळावर होती. दोघं जण, एक साहेब आणि एक शिपाई.

"लहाना कुठे आहे?"

दादा म्हणाला, "मालूम नाही साहेब."

साहेबानं उघड्या पंजानं त्याच्या डाव्या कानावर मारली. आई सांगते, दादा पडला नाही, फक्त एका जागी गोल फिरला. मग त्याला गाडीत घातलं. संध्याकाळपर्यंत ठाण्यात ठेवलं. तळपायावर पट्टे. प्रत्येक पट्ट्याला एकच प्रश्न. त्याला एकच शब्द बोलायचा होता. अकोला. तो बोलला नाही.

आणि मी? मी त्या दुपारी आत्याकडे वांग्याची भाजी आणि भाकर खाऊन पंख्याखाली झोपलो होतो. आत्या म्हणाली, "झोप बाप्पा, थकला तू." मी खरंच झोपलो. गाढ.

शेजाऱ्याचा फोन आला तेव्हा परतलो. दादा भिंतीला टेकून बसला होता. कानात कापूस. मी बोलत होतो आणि तो माझ्या डोळ्यांकडे पाहत नव्हता, ओठांकडे पाहत होता. मला कळायला वेळ लागला. मग कळलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं कानात बॅटरी मारली. "पडदा फाटलाय. कसं झालं?"

दारात तोच शिपाई उभा होता. दादा म्हणाला, "मोरीत घसरलो." डॉक्टरनं तेच लिहिलं.

मी आपणहून ठाण्यात गेलो. मला वाटलं, मी समोर गेलो की दादा सुटला. ज्यानं दादाला मारलं तोच साहेब टेबलामागे होता. तरुण, स्वच्छ मराठी बोलणारा. त्यानं आधी माझं आडनाव विचारलं. ऐकून मान हलवली, जणू हिशेब जुळला.

"शस्त्र हिसकावायला गेला होतास."

"साहेब, ते माह्या तोंडापुढे होतं."

"परवान्याचं आहे ते. त्यांचे सेमाडोहकडे ठेके आहेत, जंगलातून येणं-जाणं आहे. जिवाला धोका आहे म्हणून मिळालंय. स्वसंरक्षणासाठी."

"अन् माह्या जिवाले?"

तो हसला. खरंच हसला, रागानं नाही. "तुला कसला धोका रे? तू तर बँडवाला."

त्या वाक्यानं मला जेवढं मारलं तेवढं वरातीत कुणी मारलं नव्हतं. जबाबावर सही घेऊन, बोलावलं की यायचं सांगून त्यानं मला सोडलं. घरी येईपर्यंत तेच डोक्यात घुमत होतं. त्याची भीती सरकारनं कागदावर मान्य केली, शिक्का मारला, कमरेला लटकवून दिली. माझी भीती भर दुपारी, शंभर मोबाईलसमोर, कुणालाच दिसली नाही. माझ्या जिवाला धोका असू शकतो हेच त्या खोलीत कुणाला पटत नव्हतं.

मग मामासाहेबाचा निरोप आला. परतवाड्याला या, माफी मागा, तक्रार मागं घेतो. दादा म्हणाला, "पड पाया. माह्यासाठी पड. मले पुन्हा ठाण्यात नाही जायचं."

मी हो म्हटलं. दादा म्हणाला म्हणून. त्याच्यासाठी मी नाकही घासलं असतं, त्या क्षणी तरी.

आम्ही दोघं परतवाड्याच्या बसमध्ये बसलो. त्याचा चांगला कान माझ्याकडे यावा म्हणून मी जागा बदलली. त्याला ते कळलं. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

मामासाहेब अंगणात झोपाळ्यावर बसला होता. पांढरं धोतर, हातात चहा. पिस्तूल कमरेलाच. भाचे मंडळी मोबाईल धरून तयार. मी चप्पल काढली आणि वाकलो. त्याच्या पायाला हात लागायच्या आधी तो म्हणाला, "असं नाही. कान धर अन् उठाबशा काढ." मग दादाकडे बोट. "त्यानं बी. दोघं बी कान धरा."

दादाला नीट ऐकू आलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मामासाहेबाच्या हातवाऱ्याकडे पाहिलं. मग समजलं. त्यानं हात वर नेले. उजवा हात उजव्या कानाला लागला. डावा हात कापसापाशी जाऊन थांबला. दुखत होतं. तरी तो बोटं हळूहळू पुढं नेत होता. कापूस न हलवता पाळी कशी धरता येईल, ते शोधत होता. माझा भाऊ. मार खाल्लेला स्वतःचाच कान तो माफीसाठी धरायला निघाला होता.

मी त्याचा हात धरून खाली केला.

"दादा, हात खाली घे."

"काय झालं बे?" मामासाहेब उठला.

"तुमी पिस्तूल लावलं माह्या तोंडाले. तुमच्यापाई याचा कान फुटला. आमी माफी नाही मागत."

 शौर्य वगैरे काही नव्हतं. तो कमरेकडे हात नेईल असं वाटलं आणि मी एक पाऊल मागं सरकलो. त्यानं हात नेला नाही. फक्त म्हणाला, "ठाण्यात भेटू." मी चप्पल हातातच घेतली आणि दादाला ओढत बाहेर आलो.

स्टँडवर दादा पहिल्यांदा बोलला.

"तुह्या मानापाई माहा कान गेला. आता काय डोळे जाऊ देतो माहे?"

  तो खरं बोलला होता. मनगट मी धरलं आणि मार त्यानं खाल्ला. अंगणात ताठ मी झालो आणि ठाण्याची भीती त्याच्या वाट्याला आली. माझं प्रत्येक नाही म्हणणं त्याच्या अंगावरून गेलं.

वस्तीत एक वकील बाई यायच्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जीव वाचवायचा हक्क परवाना पाहून मिळत नाही. तो सगळ्यांना सारखा आहे. लग्नात गोळ्या झाडणं हा गुन्हा आहे. स्वसंरक्षणाचं हत्यार दुसऱ्याच्या तोंडाला लावलं तर परवाना जाऊ शकतो. आणि विचारपूस करताना मारायचा हक्क कुठल्याच कायद्यानं पोलिसांना दिलेला नाही."

मला रडू आलं. इतकं साधं होतं ते. आणि हे माहीत नव्हतं म्हणून मनगट धरल्याचंच मला वाईट वाटत राहिलं होतं.

दोन अर्ज केले. एक परवान्याविरुद्ध, एक त्या साहेबाविरुद्ध. मालकानं मला बँडमधून काढलं. सोबतचे वाजवणारे म्हणाले, सीझन आहे, आम्ही काही पाहिलं नाही. पूर्ण व्हिडिओ कुणी दिला नाही. दादा एका वरातीत क्लॅरिनेट घेऊन उभा राहिला, पण सूर कुठे लागतोय ते त्याला कळेना. अर्ध्यातून परत आला. आता तो बाजारात पोती उचलतो. माझ्याशी बोलत नाही. ताट आई दोघांना वेगवेगळं वाढते.

परवान्याची सुनावणी कलेक्टर हापिसात झाली. मामासाहेब वकील घेऊन आला होता. अधिकाऱ्यानं मला विचारलं, "या परवान्याशी तुमचा काय संबंध?"

मी म्हटलं, "नळीचं तोंड माह्याकडे होतं साहेब."

त्यांनी वर पाहिलं. मग लिहून घेतलं. निकाल अजून लागलेला नाही.

आता दुसऱ्या अर्जाची चौकशी आहे, त्या साहेबाच्याच ठाण्यात. तिथं मला सांगितलं, तू त्या दिवशी अकोल्यात होतास, तू काय सांगणार? आणि तुझा भाऊ तर मोरीत घसरला. त्याला मारताना पाहिलं कुणी?

तांदूळ निवडता निवडता आई म्हणाली, "मी पाह्यलं. मी होती ना नळावर. मी येते."

दादा उठला. "तू गेली तं मी हे घर सोडतो," आईला म्हणाला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

 आई खडे काढत राहिली. त्या वेळी मी म्हणू शकलो असतो, राहू दे आई. मी म्हटलं नाही. हेही माझ्यावरच आहे, आणि ते मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकलणार नाही. दादा गेला तर माझ्यामुळे जाईल. त्याला त्याच्या कानाचा न्याय नको आहे, त्याला फक्त शांतता पाहिजे, आणि ती मी त्याला देत नाहीये. रात्री त्याच्या अंथरुणाकडे पाहायची मला हिंमत होत नाही.

पण त्याला मी मारलेलं नाही. एवढं मला आता स्पष्ट कळतं. त्याला ज्यानं मारलं तो रोज सकाळी इस्त्रीचा युनिफॉर्म घालून कामावर जातो आणि त्याला काहीच वाटत नाही. त्याच्या वाट्याचं वाईटही मलाच वाटत राहिलं तर तो पुढच्या दारात जाईल, पुढच्या भावाला विचारेल.

सोमवारी मी आईला घेऊन जाणार आहे. ती जे पाहिलं ते सांगेल. मी त्या साहेबाचं नाव घेणार, त्याच्या समोर, त्याच्याच हापिसात, मोठ्यानं. घाबरत घेईन. पण पूर्ण घेईन, हुद्द्यासकट.