कडावच्या शेतातला सैनिक

वडिलांचं पान गॅलरीत ठेवलंय. दुपार कलली, भातावर माशा बसल्या, पण कावळा काही येत नाही. आत काचेच्या कपाटात माझा फायबरचा सैनिक उभा आहे.

एका व्हिडिओ गेमच्या जाहिरातीसाठी असे माणसाएवढे पुतळे मोजक्याच दुकानांना दिले होते. कर्जतचं दुकान बंद पडल्यावर तिथला पुतळा कडावच्या एका शेतकऱ्यानं नेऊन त्याचं बुजगावणं केलं. माझ्या संग्रहासाठी मी किती खेटे घातले, पण तो विकेना. मग एका दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला, "आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

खोपोलीहून टेंपो घेऊन पोचलो, तर शेताच्या कडेला त्याचाच दहावा चालला होता. पिंडासमोर माणसं हात जोडून खोळंबली होती. कावळे लांब उंबरावर गप्प बसले होते. पुतळ्याच्या अंगात त्याचा जुना सदरा होता.

"दादा, न्या याला," ती म्हणाली. "ह्यो हाय तवर कावळा शिवायचा नाय."

मी हरखून पुतळा चढवला. टेंपो वळला आणि मागे पंखांचा फडफडाट झाला. तेव्हा मला हसू आलं होतं.

आता आई आतून विचारते, "यांची काय इच्छा राहिली असेल रे?"

मी उठून कपाटावर चादर टाकतो.