खोट्या मयताची आंघोळ

या वर्षी आतापर्यंत पाहिलेल्या सिनेमांपैकी मला तीन आवडले. पहिल्यात एक लिफ्टमन निवृत्त झाल्यावर रोज जिना चढतो. बाकी काही घडत नाही. दुसऱ्यात दोन बहिणी एकाच माणसाला नाही म्हणतात आणि सुखी होतात. हे दोन्ही मी शहापूरला दुकानात, गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर पाहिले. तिसरा घरी पाहिला. सिनेमा म्हणून तो काही फार बरा नाही. त्यातला नायक घडोघडी डोंगराकडे बघत बसतो, आणि डोंगर आमच्या डोळखांबकडचाच असल्यामुळे मला ठाऊक आहे की तिकडे एवढं बघण्यासारखं काही नाही. पण त्यात आमची आई रडते.

शूटिंग गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या पाड्यावर झालं. गावातलं मयत दाखवायचं होतं, त्यासाठी रडायला बायका हव्या होत्या. माणसं जमवणारा एकजण घरोघर फिरला. दिवसाची मजुरी, चहा, जेवण, आणि काम मांडवाच्या सावलीत. एवढ्या सोयी आमच्याकडे खऱ्या मयतालाही नसतात. आई गेली, शेजारची काकूही गेली.

संध्याकाळी आई परत आली ती अंगणातच उभी राहिली. घरात काही येईना.

"पानी आन गो," म्हणाली. "मयताला जाऊन आलेय."

"अगं, ते मयत खोटं होतं."

"मयत खोटं व्हतं. मी तर खरी गेले व्हते ना?"

मी बादली आणून दिली. न्हाऊन आल्यावर तिने सांगितलं की मेलेला माणूस स्वभावाने चांगला होता. मधल्या वेळेत नाकात कापूस तसाच ठेवून चहा पीत होता, तिलाही बिस्किट देत होता. तिने घेतलं नाही. मयताच्या हातचं कसं खायचं, हा तिचा प्रश्न होता.

आपण रडलो हे मात्र ती बोलली नाही. ते काकूने सांगितलं. "तुझी आयस काय रडली गो. त्यांनी थांब म्हटलं तरी थांबं ना." काकूने हे मला सांगितलं, मग विहिरीवर सांगितलं, मग राहिलेल्या गावाला सांगितलं.

इथे खरी पंचाईत झाली. त्याच्या आदल्या दिवाळीच्या सुमारास माझे वडील गेले होते. भात कापून शेतात पडलेलं आणि आभाळ भरून आलेलं. वडिलांना अंगणातून उचललं तेव्हा सगळ्या बायकांनी हंबरडा फोडला, पण आई रडली नाही. पुरुषमाणसं वळणाआड गेली तशी तिने पदर खोचला, ताडपत्री घेतली आणि भात झाकायला शेतावर गेली. भात वाचलं. गावात मात्र बोललं गेलं, हिला नवऱ्यापेक्षा भात मोठं. सगळ्यात आधी बोलली ती काकूच. आईने कधी कुणाला उत्तर दिलं नाही. मला मात्र ते बोलणं लागलं होतं, अजून लागतं.

आणि आता तेच गाव तिला मजुरी घेऊन परक्यासाठी रडताना बघणार होतं. घरात निघालेला साप काठीने बाहेर काढणारी बाई सिनेमाला घाबरली. "माझा तोंड दिसंल का गो?" असं अधूनमधून विचारायची. मी म्हणायचे, ते पुष्कळ कापतात. कापतात की नाही, मला काय माहीत.

या वर्षी सिनेमा मोबाइलवर आला. आधी एकटीने बघायचं मी ठरवलं होतं, पण काकूला माझ्याआधी कळलं होतं. रविवारी दुपारी ती आणखी दोघींना घेऊन हजर. मोबाइल टीव्हीला जोडला. आई मागे भिंतीला टेकून सूप घेऊन बसली, तांदूळ निवडत.

मयत आलं. आईचं तोंड दिसलं, चांगलं टीव्हीभर. आवाज काढून टाकून त्यावर बासरी घातली होती. मेलेल्या माणसाच्या पायावर हात ठेवून ती रडत होती. कॅमेरा तिच्यावरून हलेचना.

"वयनी," काकू म्हणाली, "येवढी तर तू भावजींना पन नाय रडली."

आईने सुपातून मान वर केली नाही. "तवा भात भिजत व्हता," ती म्हणाली. "तिथं मना दुसरा काय काम नव्हता. चहा पन दुसरेच करत व्हते. बसले तं रडाला आला."

"पन परक्याला?"

"परक्याला कशाला रडू? तुझ्या भावजींनाच रडले."

टीव्हीवर नायक पुन्हा डोंगराकडे बघू लागला होता. थोड्या वेळाने काकूने डोळ्यांना पदर लावला आणि मला म्हणाली, "मागं घे गो जरा."

मी मागे घेतलं. पुन्हा मयत सुरू झालं तेव्हा आईने सूप बाजूला ठेवलं, उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

"पानी आन गो," तिने हाक मारली.

मयत खोटं आहे, असं मी या वेळी म्हटलं नाही. बादली भरून नेली.