धुराची बदली

भगवंतराव ग्रामसेवक वलगावच्या रस्त्याने सायकलवरून येताना लांबून तोफ घेऊन निघाल्यासारखे दिसत. कॅरिअरला आडवी बांधलेली ती मातीची नळी म्हणजे बिनधुराच्या चुलीचं धुराडं. साल अठ्ठावन्न. घराघरातला धूर हटवायचं सरकारने ठरवलं होतं, आणि सरकारने ठरवलं म्हणजे अर्धं काम झालंच, असं मानणारा सगळ्या जिल्ह्यात बहुधा हा एकच माणूस उरला होता.

खरं कारण मात्र घरात होतं. रुख्मिणीबाई चुलीपुढे बसल्या की त्यांना खोकला सुरू होई आणि डोळे गुंजेसारखे लाल होत. भगवंतराव ओसरीवर बसून तो खोकला ऐकत आणि त्यांचा चहा कडू होई. पण स्वतःच्याच घरी नळी लावायची त्यांची छाती नव्हती.

"आंधी गावात लावा," रुख्मिणीबाईंनी बजावलं होतं. "लोकाईच्या घरी चालली त मंग पाहू. माह्या चुलीवर सरकारचे प्रयोग नाई पाह्यजेत."

म्हणून भगवंतराव गावावर तुटून पडले. शेजारच्या मैनाबाईंपासून सुरुवात केली. भगवंतरावांचं भाषण इतकं लांबे की ते थांबावं म्हणूनच निम्म्या बायांनी चूल बदलली. धूर मात्र खरोखर छपरावरून जाऊ लागला. ब्लॉकचे साहेब जीपमधून आले, नळीशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. मैनाबाई शेवया करतानाही हसू लागल्या, तेव्हा रुख्मिणीबाई विरघळल्या.

"पाडव्याले लावा मंग," त्या म्हणाल्या. भगवंतरावांनी घरासाठी सगळ्यात सरळ नळी निवडून ठेवली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मैनाबाई ज्वारीचं कणीस घेऊन आल्या. ओसरीवर उभं राहून त्यांनी ते झटकलं. दाणे पडले नाहीत, पीठ पडलं.

"घ्या भाऊ, तुमचं बिनधुराचं बियाणं. आजेसासूपासून कणसं चुलीवरच्या आढ्याले टांगून राहिलो आमी. कधी कीड पाह्यली नाई. आता पेरू काय, ही नळी?"

भगवंतरावांच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आढ्यावरच्या बियाण्याची राखण धूर करत होता. धुराला त्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची नोकरी होती. सरकारने त्याला काढून टाकलं आणि जागेवर दुसरा कोणी नेमलाच नाही.

संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या नळ्यांत चिंध्या कोंबल्या गेल्या. रुख्मिणीबाईंनी ती सरळ नळी उचलून कोंबड्यांच्या खुराड्यामागे ठेवली. भगवंतराव साहेबांकडे धावले. साहेब म्हणाले, "कीड शेतकी खात्याकडे येते. आपल्याकडे फक्त चूल."

भगवंतराव घरी येऊन गोठ्यात बसले. चूल पेटली होती आणि आतून खोकला ऐकू येत होता, ओसरीवर बसवेना. बैलांना डास चावू नयेत म्हणून रुख्मिणीबाईंनी नेहमीप्रमाणे कडुनिंबाचा पाला पेटवून ठेवला होता. धुराने भगवंतरावांना ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी वर पाहिलं. गोठ्याचं आढं मोकळं होतं.

रुख्मिणीबाई बाहेर आल्या तेव्हा नवरा शिडीवर होता आणि घरातली बियाण्याची कणसं गोठ्यात लटकत होती.

"हे काय नवीन काढलं बाप्पा?"

"धुराची बदली केली. चुलीवरून गोठ्यात."

"अन् बैलाईले खोकला झाला त?"

"त्याईले तीन बाजूनं वारा हाये. तुले कुठी हाये?"

रुख्मिणीबाईंनी शिडी धरली. मग म्हणाल्या, "अजून वर बांधा. तो तांबडा बैल मान लांब करून राहिला."

मृग येईपर्यंत चुलीला हात लावायचा नाही, हे मात्र त्यांनी निक्षून सांगितलं. तेवढे दिवस भगवंतराव रोज सकाळी आजाऱ्याला भेटायला जावं तसे कणसांना भेटून येत.

मृगाच्या आदल्या दिवशी रुख्मिणीबाईंनी एक कणीस काढलं आणि तळहातावर झटकलं. पीठ पडलं नाही. मैनाबाईंनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, आणि आपल्या नळीतली चिंधी काढायला गेल्या. रुख्मिणीबाईंनी खुराड्यामागची नळी स्वतः धुऊन आणली.

नव्या चुलीवरची पहिली भाकर ताटात पडली. रुख्मिणीबाईंनी तिचा तुकडा मोडून तोंडात टाकला; भगवंतराव घास हातात धरून तसेच बसले.

"कशी झाली?" त्यांनी विचारलं, जसं काही भाकर त्यांनीच थापली होती.

"धुराची चव नाई आली," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"अन् खोकला?"

"तो बी नाई आला. जेवा आता."