डाव्या पायाचा ब्रेक

बसडेपोच्या ब्रेक विभागात सत्तावीस वर्षं काढलेल्या या बाईंना सगळे फिटरबाई म्हणतात. साहेबलोक म्हणतात, दूधवाला म्हणतो, आणि वैतागला की नवराही म्हणतो. नवरा एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. स्वभावाने इतका जपून वागणारा की दाराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणार, आणि रस्त्याच्या टोकापासून परत येऊन चौथ्यांदा.

चार वर्षांपूर्वी बसचा एक ब्रेक ड्रम, वजन पंचेचाळीस किलो, ट्रॉलीवरून घसरला आणि बाईंच्या डाव्या घोट्यावर येऊन थांबला. हाडांच्या डॉक्टरांनी सांध्यात तीन स्क्रू घातले आणि पाऊल काटकोनात कायमचं जखडून टाकलं. चालता येईल, उभं राहता येईल, ओझंही उचलता येईल. फक्त पाऊल घोट्यातून वर-खाली होणार नाही.

"एवढंच ना?" बाईंनी विचारलं.

"एवढंच," डॉक्टर म्हणाले.

त्या वेळी दोघांनाही मोटारसायकलची आठवण झाली नाही. बाईंना ती झाली तीन महिन्यांनी, कामावर रुजू व्हायच्या सकाळी. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून त्या डेपोला मोटारसायकलनेच जात. त्या दिवशी गाडी सुरू केली, क्लच दाबला, आणि गिअर वर उचलायला डाव्या पायाची बोटं दांडीखाली घातली. बोटं तिथेच राहिली. पाऊल लाकडाच्या फळीसारखं. बाईंनी गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

टाचेने दाबायचा गिअर लावून पाहिला. ताठ पाऊल दोन दांड्यांच्या मध्ये नीट बसेना आणि वळणावळणाला गाडी न्यूट्रलमध्ये. मग नणंदेने स्कूटरचा सल्ला दिला. नणंद वरच्या मजल्यावर राहते आणि खालच्या मजल्यावरचं सगळं तिला माहीत असतं. बाईंनी चार महिने स्कूटर चालवली आणि विकली.

"काय वाईट होतं हो तिच्यात, वहिनी?"

"वाईट काही नाही, वन्सं. बसायला खुर्ची चांगली होती. पण चालवायला काही नव्हतंच."

पुढे एका प्लंबरकडे मोटारसायकल पडून असल्याचं डेपोत कोणीतरी बोललं. पडून म्हणजे सांगाडा तेवढा उभा, बाकी सगळं तीन पोत्यांत आणि एका खोक्यात. ब्रिटिश बनावटीची, साठ वर्षांपूर्वीची, दोन सिलिंडरची, साडेसहाशे सीसी. मधल्या कोणा मालकाने तिचं चॉपर करायला घेतलं होतं: पुढचे फोर्क वीतभर लांब, मागचे शॉकअप काढून सांगाडा ताठ, पाय ठेवायचे खुंट पार इंजिनच्या पुढे. अर्धवट सोडून तो कंटाळला. प्लंबरने ती घेतली आणि नळाच्या पान्याने सगळी उघडली. त्याला उघडता येत होतं, पुढचं नाही.

बाई नुसत्या बघायला गेल्या होत्या. सांगाड्याभोवती एक चक्कर मारली आणि थांबल्या. गिअरची दांडी उजवीकडे होती, ब्रेकचं पेडल डावीकडे. जुन्या ब्रिटिश गाड्यांची हीच रीत. बाईंनी ती ऐकली होती, पायाने कधी अनुभवली नव्हती. त्यात हे पेडल चॉपरचं, म्हणजे लांब पुढे. त्यावर पाय ठेवायचा तो सरळ समोर ताणून. दाबायचं घोट्याने नव्हेच. अख्खी मांडी लावून पुढे लोटायचं. बाईंनी जमिनीवर फतकल मारली, सांगाड्याला उजवा खांदा टेकला आणि पाय ताणून पेडल लोटून पाहिलं. दोनदा.

"बाई, खरं सांगू?" प्लंबर म्हणाला. "ही जोडून होईल असं मला वाटत नाही."

"तुम्हाला वाटायची गरज नाही. पोती उचलायला हात लावा."

मागच्या खोलीत आजवर इस्त्रीचं टेबल आणि पाहुणे ठेवले जात. दोघांनाही हलवलं गेलं. सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर चढला, इंजिनचे भाग जुन्या चादरीवर रांगेत मांडले गेले, आणि पहिल्याच रविवारी बाईंच्या लक्षात आलं की आपल्या सगळ्या पान्यांचा इथे उपयोग शून्य. तेराचा पाना नटावर जाईना, चौदाचा गरागरा फिरे, नेहमीचे इंची पानेही तसेच. या जुन्या ब्रिटिश पान्यांचं माप नटावर घेतलेलं नसतं, आतल्या बोल्टच्या जाडीवरून ठरतं.

"ज्यांनी जगाला फूटपट्ट्या वाटल्या," कंपाउंडर म्हणाले, "त्यांनी हा उद्योग करावा?"

बाईंनी भंगारातले सहा पाने आणले आणि कानस घेऊन एकेक नटाला बेतले. त्यात तीन रविवार गेले. प्लंबरने कोपरे झिजवलेले एकोणीस नट छिन्नीने कापून काढावे लागले, आणि प्रत्येक नटागणिक त्याचा उद्धार झाला.

इंजिनच्या कवचात नवी बेअरिंग बसवायची म्हणजे ठोकून भागत नाही. कवच तापवून फुगवायचं, बेअरिंग गारठवून आकसवायचं, आणि दोघांची गाठ पटकन घालून द्यायची. म्हणून शनिवारी दोन बेअरिंगं फ्रीजरमध्ये गेली. रविवारी सकाळी नणंद बर्फ न्यायला खाली आली.

"अगं बाई! हे काय गोठवलंय?"

"बेअरिंग आहे. हात नका लावू, वन्सं."

"आणि ओव्हनमध्ये?"

"इंजिन."

नणंदेने भावाकडे पाहिलं. तो घड्याळ हातात धरून ओव्हनसमोर उभा होता. गोळ्यांच्या वेळा जितक्या गांभीर्याने सांगायचा, तितक्याच गांभीर्याने म्हणाला, "अजून सात मिनिटं."

"तूसुद्धा?"

"तापमान माझ्याकडे आहे," तो म्हणाला.

सात मिनिटांनी बाईंनी फडक्यात धरून कवच बाहेर काढलं, बेअरिंग वरून सोडलं, आणि ते आपल्या वजनाने खाली जाऊन टक् करून बसलं. हातोडीला हात लावावा लागला नाही. नणंद बर्फ न घेताच वर गेली, आणि पुढच्या आठवड्यात मैत्रिणीला दाखवायला खाली घेऊन आली.

चौदा महिने लागले. मानेजवळ सांगाड्याला केसाएवढी चीर होती; ती बाईंनी डेपोतल्या वेल्डरकडून भरून घेतली आणि भिंग घेऊन तपासली. मागच्या ब्रेकला नवं अस्तर चढवलं आणि ड्रमला ते सगळीकडून सारखं टेकेपर्यंत घासलं. गिअरच्या दांडीला पुढे न्यायला लांब सळई जोडली. क्रम मूळचाच ठेवला: पहिला गिअर पायाने वर, बाकीचे तीन खाली. लोकांना वाटे, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी बाईंना हे लांब नाकाचं सोंग सुचलंय. पुढे गेलेले खुंट हे त्यांच्या घोट्याचं माप होतं. लांब फोर्क मात्र निव्वळ हौस. ते आखूड करता आले असते. बाईंनी केले नाहीत आणि कारणही दिलं नाही.

राहता राहिली तपासणी. फेरफार केलेली गाडी वाहन कार्यालयात पास झाल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. अर्ज कंपाउंडरांनी वाचला, पाठपोट, तळटिपांसकट.

"इथे लिहिलंय, फेरफार केलेली गाडी ब्रेकमध्ये नापास झाली तर तिची नोंद कायमची रद्द. पुन्हा अर्ज करता येत नाही."

"मग?"

"मग काही नाही. अजून एकदा बघून घे म्हटलं."

"अहो, मी सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे ब्रेक बघतेय."

"म्हणूनच म्हणतोय. हा तुझा आहे."

बाईंनी अजून एकदा बघून घेतलं.

टेम्पोतून गाडी कार्यालयाच्या मागच्या मैदानात उतरवली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. निरीक्षक किडकिडीत, कानावर पेन्सिल. त्यांनी सांगाड्याचा नंबर ताडून पाहिला, दिवे पाहिले, वेल्डिंगवरून नख फिरवलं आणि हुंकार दिला. मग हेल्मेट चढवलं. नियमाप्रमाणे पहिली फेरी निरीक्षकाची.

"साहेब, एक सांगते," बाई म्हणाल्या. "गिअर उजव्या पायाला आहे. ब्रेक डाव्या."

"दिसतंय मला."

"पहिला वर, बाकीचे खाली."

"बाई, तीस वर्षं गाड्या चालवतोय मी."

"तेच म्हणतेय, साहेब. तीस वर्षं दुसऱ्या पायाने."

कार्यालयाच्या खिडकीत दोन कारकून चहाचे कप घेऊन उभे राहिले. निरीक्षकांनी किक मारली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. ते मैदानाच्या टोकापर्यंत गेले, वळले आणि वेग घेत परत निघाले. पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक दाबायचा आणि पुढच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत थांबायचं, अशी चाचणी.

पांढरा पट्टा आला. बाईंचे डोळे त्यांच्या उजव्या पायावर होते. तो पाय जोरात दाबला गेला. गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. साहेबांनी आणखी जोरात दाबला. गाडी चौथ्यात गेली आणि हलकी होऊन मजेत घरंगळू लागली. पिवळा पट्टा मागे पडला. शेवटी साहेबांनी हाताचा ब्रेक अर्धामुर्धा ओढला आणि मैदानाच्या कडेला रचलेल्या जुन्या टायरांच्या ढिगात गाडी धप्प करून थांबली. खिडकीतल्या एका कपातला चहा सांडला.

साहेबांना लागलं नव्हतं. हेल्मेट काढून त्यांनी पहिल्यांदा खिडकीकडे पाहिलं, मग कानावरची पेन्सिल काढली. "ब्रेक निकामी," ते म्हणाले आणि कागदाची घडी उलगडू लागले.

कंपाउंडरांनी पिशवीतून अर्ज बाहेर काढला. बाई गाडीपाशी गेल्या. धडकेने हँडल वाकडं फिरलं होतं. त्यांनी पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरलं, हँडलला हिसका दिला आणि सरळ केलं. मग म्हणाल्या, "लिहा साहेब. पण मागच्या ड्रमला हात लावून लिहा."

"कशाला?"

डेपोत बस चाचणीवरून परतली की बाई आधी चालकाचा शेरा वाचत नाहीत. प्रत्येक चाकापाशी हाताची पाठ नेतात. ब्रेक घासला की ड्रम तापतो; ड्रमला खोटं बोलता येत नाही. हे त्यांनी साहेबांना दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी पुढच्या ड्रमपाशी हात नेला: कोमट. मागच्या ड्रमला बोट लावलं, मग तळवा.

"गार आहे," ते म्हणाले. "म्हणजे ब्रेक लागतच नाही."

"किंवा दाबलाच नाही. दोन्हींपैकी काय ते पाच मिनिटांत कळेल. मला एक फेरी मारू द्या."

"तशी पद्धत नाही."

"आहे," कंपाउंडर म्हणाले. आवाज जरा चिरका निघाला, पण निघाला. "पान चार, कलम सात. निरीक्षकास शंका असल्यास अर्जदाराकडून चाचणी घेता येईल."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पान चारपर्यंत पोचलेला हा पहिलाच अर्जदार असावा.

"मग, साहेब," बाईंनी शांतपणे विचारलं, "शंका आहे का तुम्हाला?"

नाही म्हटलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. चौदा महिने, नोंदणी, उजवीकडचा गिअर. साहेब आपल्या उजव्या बुटाकडे बघत राहिले.

"आहे," ते म्हणाले. "शंका आहे."

बाईंनी डाव्या पायावर भार देऊन उजव्याने किक मारली. पाय पुढे ताणले आणि निघाल्या. टोकाला वळल्या, साहेबांहून जास्त वेगाने परत आल्या. पांढऱ्या पट्ट्यावर डावी मांडी ताठ झाली. मागचं चाक न घसरता जड झालं आणि गाडी पिवळ्या पट्ट्याच्या चांगली दोन हात अलीकडे उभी राहिली. बाई पुन्हा फिरल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही थांबल्या त्या जवळपास त्याच जागी. मातीवर टायरच्या तीन खुणा एकमेकींना चिकटून उमटल्या.

"आता लावा हात. जपून."

साहेबांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. बोट फुंकत त्यांनी कागद उघडला. बराच वेळ लिहीत होते. बाईंनी वाचलं: ब्रेक उत्तम. गिअर व ब्रेकची बाजू मूळ बनावटीप्रमाणे. खाली एक शेरा: ही गाडी अर्जदाराखेरीज इतरांनी चालवू नये.

"हे नियमात आहे का?" कंपाउंडरांनी विचारलं.

"अनुभवात आहे," साहेब म्हणाले आणि शिक्का मारला.

गाडीला सीट एकच. कंपाउंडरांनी कागद पिशवीत घातला, पिशवी बाईंच्या खांद्याला अडकवली, पट्टा दोनदा ओढून पाहिला. "सरळ घरी जा," म्हणाले. बाईंनी मान हलवली. तिचा अर्थ होही होता आणि नाहीही. मग उजव्या पायाने पहिला गिअर वर उचलून त्या फाटकाबाहेर पडल्या.

कंपाउंडर दोन बस बदलून घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. मागची खोली रिकामी होती. नणंद जिन्यात उभीच होती.

"वहिनी कुठेय? गाडी बंद पडली वाटतं?"

"नाही," ते चपला काढत म्हणाले. "चालतेय."