बाबांचं गाणं आणि स्क्रीनवरचा चार

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी दोनेक वर्षांपासून वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतोय. जेवणाच्या सुट्टीत मित्रांना वाचून दाखवतो, आम्ही सगळे मिळून खिल्ली उडवतो. आमच्या घरात असल्या गोष्टींना जागाच नव्हती. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत. लहानपणी मी एकदा मागच्या खोलीत कोणीतरी आहे म्हणून रडत आलो, तर बाबांनी मला एकट्यालाच परत पाठवलं... "जा, पाहून ये, अन् सांग मले कोण आहे ते." अर्थात कोणी नव्हतं. अशा माणसाचा मी मुलगा. तेव्हा हे लिहिताना मला थोडी लाजच वाटते आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा, आजवर मी तुम्हाला हसलो आहे.

आम्ही छत्तीसगडमधल्या भिलाईचे. म्हणजे मूळचे भंडारा जिल्ह्यातले, पण बाबा तरुणपणी स्टील प्लांटमध्ये लागले आणि इथलेच झाले. तीस वर्षं त्यांनी भट्टीला हवा देणाऱ्या ब्लोअरजवळ काढली. तिथला आवाज असा की शेजारच्या माणसाशी हातवारे करून बोलायचं; बाबा रोज कानात कापसाचे बोळे घालून जायचे. आमच्याकडे प्लांटमधून रिटायर झालेला माणूस दोनदा 'काय?' म्हणाला की सगळे हसून म्हणतात, "कान प्लांटमें छोड़ आए." हा इथला जुना विनोद आहे. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आणि आम्ही कोहक्याला घर बांधलं. मी कुम्हारीला एका पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, रोज बाइकने जातो-येतो.

बाबा भीमगीतं गायचे. शिकलेले नव्हते, पण गळा पक्का होता. त्यांची पट्टी काळी एक, म्हणजे सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. पेटीवाले मेश्राम काका म्हणायचे की तुझ्या बापाला झोपेतून उठवून गायला लावलं तरी तो काळी एकमध्येच गाईल. दोघांनी पंचवीस वर्षं विहारात, जयंतीत, लग्नांत एकत्र कार्यक्रम केले. बाबांनी स्वतः लिहिलेलं एक गाणंही होतं... 'हाती आली पाटी, माझं सुटलं घमेलं.' माझी आजी घमेलं उचलायची आणि तिने बाबांना शाळेत घातलं, त्याचं गाणं. त्याचा अंतरा वर चढायचा आणि बाबा तिथे डोळे मिटून घ्यायचे.

मला तिशी उलटल्यावर कीबोर्ड शिकायची हुक्की आली. सिव्हिक सेंटरच्या एका दुकानातून एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड आणला, व्हिडिओ बघून शिकायला लागलो. पट्ट्यांवर सा रे ग म चिकटवलं. डाव्या हाताने तीन बोटं ठेवायची की मशीन स्वतःच ताल धरतं, बास वाजवतं... दोन महिन्यांत मी स्वतःला मोठा संगीतकार समजायला लागलो. बाबा रोज संध्याकाळी खुर्ची ओढून जवळ बसायचे. "हे बिजलीची पेटी भारी आहे न बाबू," म्हणायचे.

आता एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला एकाच पट्टीत वाजवता यायचं, पांढरी एकपासून. नवशिक्यांचं असंच असतं. गाणारा दुसऱ्या पट्टीत गात असेल तर एक बटन असतं, ट्रान्सपोज. बोटं तिथेच ठेवायची, बटन दाबायचं, स्क्रीनवर जितका आकडा तितक्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आवाज वर सरकतो. बाबांच्या 'काळी एक'साठी स्क्रीनवर 'एक' आणायचा. बस, एवढंच माझं संगीत.

त्या वर्षीच्या जयंतीला मी मंडळाला म्हणालो, यंदा पेटी नको, मी कीबोर्ड वाजवतो, मॉडर्न होऊ दे जरा. मेश्राम काका पेटी घरीच ठेवून आले आणि समोर खुर्चीवर बसले. आधी वस्तीतल्या मुलींचं स्वागतगीत झालं. त्यांची पट्टी पांढरी तीन, त्यासाठी मी 'चार' लावला होता. मग बाबा आले. बाबांनी त्यांचंच गाणं घेतलं. मी मुखड्याआधीचं म्युझिक वाजवलं, बाबांनी सूर लावला आणि सगळं विस्कटलं. माझं एकीकडे, त्यांचं दुसरीकडे. ते गोंधळले, माझ्याकडे पाहून वर यायचा प्रयत्न केला. कसाबसा मुखडा झाला. अंतऱ्यावर त्यांचा आवाज फाटला.

मी वाजवणं थांबवलं. माझ्यासमोर माइक होता. समोर दोन-तीनशे लोक, त्यात माझे मित्र. आणि मी हसत म्हणालो, "बाबा, सूर में आइए ना! क्या करें, इनके कान तो प्लांट ले गया."

लोक हसले. जोरात हसले. बाबाही थोडे हसले. मग त्यांनी माइक स्टँडला लावला, "बरोबर आहे," म्हणाले आणि खाली उतरले.

कार्यक्रम संपल्यावर कीबोर्ड बंद करायला गेलो, तेव्हा स्क्रीनकडे लक्ष गेलं. चार. मी तो एकवर आणायलाच विसरलो होतो. बाबा त्यांच्या पट्टीत अगदी बरोबर होते. चूक पूर्णपणे माझी होती. मी इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नव्हतं. बटन दाबून कीबोर्ड बंद केला आणि कव्हरमध्ये घातला.

मी कोणालाच सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू... मग वाटलं, आता काय सांगायचं, विसरले असतील. पण बाबा त्यानंतर गायले नाहीत. कोणी बोलवायला आलं की कानाला हात लावून हसायचे, "आता आमच्याच्यानं होत नाही बा." मला मात्र कधीमधी विचारायचे, "बाबू, वाजवत नाही काय आज? त्याचे बटनं सारे समजले काय तुले?" मी म्हणायचो, "हो बाबा, समजले." आणि बाइकची चावी उचलून बाहेर पडायचो. चार वर्षं असंच चाललं. मग एका सकाळी चहा पिता पिता त्यांच्या छातीत दुखलं, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

वर्षभराने आम्ही घरी त्यांच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. आई म्हणाली, त्यांचं गाणं व्हावं. मेश्राम काका गाणार, मी वाजवणार. त्याआधीच्या रविवारी दुपारी काका घरी आले. मी पाच वर्षांत हात न लावलेला कीबोर्ड काढला, धूळ पुसली, चालू केला. हा कीबोर्ड बंद करून चालू केला की ट्रान्सपोज नेहमी शून्यावर येतो, तसा तो आला. मी एक लावला. मुखडा छान झाला. अंतऱ्यावर काकांनी हात वर केला.

"वर कावून गेला तू?"

मी स्क्रीन पाहिली. चार.

वाटलं, धक्का लागला असेल. परत एक लावला. परत अंतरा, परत चार. तिसऱ्यांदा काका स्वतः उठून माझ्या मागे उभे राहिले, माझ्या बोटांवर नजर ठेवून. अंतरा आला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एकाचा चार झाला. मग मी दुसरी दोन-तीन गाणी वाजवली. काही झालं नाही. एक तो एकच. फक्त हे गाणं, फक्त अंतरा.

मशीन खराब झाली, दुसरं काय... मी सोमवारी सुट्टी टाकून ती पॉवर हाउस बाजारातल्या एका मेकॅनिककडे नेली. त्याने उघडली, बटनांखालचे रबर साफ केले, अर्धा तास स्वतः वाजवून पाहिली. मी त्याला या गाण्याची चाल दाखवली, त्याने तीही वाजवली. काहीच नाही. मग मी वाजवली. चार. तो म्हणाला, "भैया, आप ही दबा रहे हो." मी म्हणालो, माझे दोन्ही हात खाली आहेत, बटन वर आहे. त्याने खांदे उडवले.

मंगळवारी विहारातल्या मुलांचा कीबोर्ड मागून आणला. कंपनी वेगळी, बटनं उजव्या बाजूला, माझ्याची डाव्या बाजूला. संध्याकाळी काका पुन्हा आले. मी एक लावला आणि वाजवायला सुरुवात केली. अंतऱ्याला आवाज तीन पट्ट्या वर सरकला. स्क्रीनवर चार.

काका खाली बसले. मग म्हणाले, "बाबू, त्या जयंतीले तुहा बाप इथंच फाटला होता न?"

त्यांनी सहज विचारलं होतं. पण मी उठून स्वयंपाकघरात गेलो. आई भाजी निवडत होती. तिच्यासमोर खाली बसलो आणि पाच वर्षं पोटात ठेवलेलं एका दमात सांगून टाकलं. चार लावलेला राहिला होता. बाबा बरोबर होते. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी लपवलं.

आईने मान वर केली नाही. हातातली मेथी निवडत राहिली.

"मालूम होतं त्याईले," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, काय मालूम होतं?

"तू बोलला त्याच्या दुसऱ्याच हप्त्यात एकटेच गेले होते दवाखान्यात. कान तपासाले. मले म्हणे, पोरगा शिकलेला आहे, तो म्हणते त खरंच असन. डॉक्टरनं साऱ्या मशिनी लावल्या अन् म्हणे, तुमच्या वयाच्या हिशेबानं कान एकदम बढिया आहेत. घरी आले, तू ड्यूटीवर होता. तुही ते पेटी काढली, चालू केली, अन् बसले एक-एक बटन दाबून पाहत. दोन घंटे बसले असतीन. मंग मले बोलावलं. म्हणे, हे पाह्य, हे बटन दाबलं का सूर वर जाते. मुलींच्या गाण्याचं तसंच राहून गेलं त्याच्यानं."

"मग मला कावून नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मी म्हटलं न त्याईले, सांगा म्हणून. त म्हणे, नाही, तोच सांगन. आपला बाबू आहे, आज नाही त उद्या सांगन. मंग मी पुन्हा गातो." आईने पदराने डोळे टिपले. "वाट पाहत होते बाप्पा. म्हणून त तुले विचारत जाय, बटनं समजले काय म्हणून."

मी तिथेच बसून राहिलो. चार वर्षं! रोज ते समोर होते, एका वाक्याचं काम होतं. एवढा मोठा झालेला मी, चार लोकांत छोटं व्हायला नको म्हणून बापाला गप्प केलं.

कार्यक्रमात वंदना झाल्यावर मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं. जयंतीला हसलेले बरेच लोक समोर होते. मग एक लावला, वाजवायला सुरुवात केली, काका गायले. अंतरा आला तेव्हा मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. एक तो एकच राहिला, शेवटपर्यंत.

त्यानंतर मी ते गाणं किती वेळा वाजवलं असेल, मोजदाद नाही. दोन्ही कीबोर्डवर वाजवलं. पुन्हा कधीच तसं झालं नाही. मेश्राम काका म्हणतात, मनात चोर होता, तुझंच बोट जात असेल, तुला कळलं नसेल. असेलही. पण एका कीबोर्डचं बटन डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे... आणि काका स्वतः मागे उभे होते, हे ते सोयीस्करपणे विसरतात. मेकॅनिक आता म्हणतो, कधी कधी होतं असं, सर्किटमध्ये. बाबा असते तर त्यांनी या सगळ्याला मूर्खपणा म्हटलं असतं आणि मला खरं कारण शोधून आणायला पाठवलं असतं. मी शोधलं. मला सापडलं नाही. इथे कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा, मी हसणार नाही.

पण मी हे त्यासाठी लिहिलेलं नाही. त्या दिवशी सांगितलं तेव्हा सगळ्यांनी ऐकलं... आईने, काकांनी, वस्तीने. माझ्या बाबांचे कान शेवटपर्यंत चांगले होते. ते ऐकत होते तेव्हा मी बोललो नाही.