स्प्रिंगबोर्डवर खोबरेल

मँचेस्टरच्या थंडीत खोबरेल तेल बाटलीतच दगड होऊन बसतं, म्हणून माझी बाटली कायम रेडिएटरवर असते. अंघोळ झाली की ओल्या अंगाला तेल चोपडायचं, ही नागपूरची सवय इथं येऊनही सुटली नाही. माझी डच फ्लॅटमेट सुरुवातीला नाक मुरडायची. "तू स्वतःला तळायला निघालीयेस का?" असं तोंडावर विचारायची. पोटात एक ओठात एक तिला जमतच नसे. मला ते आवडायचं, माझ्यावर शेकत असलं तरी.

ती स्प्रिंगबोर्ड डायव्हिंग करायची, म्हणजे उसळत्या फळीवरून तलावात उड्या. कोच इथले, म्हणून ती इथं राहायची. खांद्याचं ऑपरेशन झालेलं, संघात वयानं सगळ्यात मोठी. तिच्या देशाच्या संघानं स्पष्ट कळवलं होतं: मँचेस्टरच्या स्पर्धेत पहिल्या तिघींत आलीस तर संघात जागा राहील, नाहीतर संपलं. स्पर्धेच्या आठवड्यात ती धड जेवत नव्हती, आणि मीही घरात दबकतच वावरत होते.

स्पर्धेच्या दिवशी सकाळचा सराव करून ती घरी आली, अंघोळ केली, जरा आडवी झाली, आणि दुपारी निघून गेली. मी मागून ट्रामनं गेले आणि पुढच्या रांगेत जागा धरली.

पहिली उडी सुरेख झाली; तीत पाय धरायचे नव्हते. दुसऱ्या उडीत गुडघे छातीशी घेऊन नडग्या घट्ट धरायच्या आणि हवेत गरगर फिरायचं. तिनं धरल्या, आणि हात सटकले. अंग मध्येच उलगडलं आणि ती पाठीवर पाण्यात आपटली. बाहेर येऊन ती छोट्या टॉवेलनं नडग्या पुसत राहिली, स्वतःचे तळवे बघत राहिली. तिला काही उमगत नव्हतं. मला मात्र दिसलं. दिव्यांखाली तिच्या पोटऱ्या चकाकत होत्या आणि पाणी त्यांवर थेंब थेंब उभं होतं. असे थेंब मी रोज माझ्याच पायांवर बघते.

क्लोरिननं तिची कातडी सोलवटायची, सारखी खाजायची. दुपारी अंघोळीनंतर तिनं माझी बाटली उचलली होती.

मी उठले ती थेट लेडीज टॉयलेटमध्ये. हातातली कॉफी बेसिनमध्ये ओतली आणि भिंतीवरचा हँडसोप दाबून दाबून कपात भरला. ते यंत्र मेलं एकेक थेंब देत होतं. परत आले तर प्रेक्षकांना अडवायच्या दोरीपाशी एक व्हॉलंटिअर आडवा. "सॉरी, यू कान्ट..." मी पूर्ण ऐकून घेतलं नाही. रेलिंगवरून कप कोचच्या हातात कोंबला. "तिच्या पायांना कोकोनट ऑइल आहे. साबणानं धुवायला सांगा, आत्ता." त्यांनी आधी मला वेड लागल्यासारखं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे, आणि धावले.

शॉवरखाली ती नखं लावून पाय घासत होती तोवर तिच्या नावाचा पुकारा झाला. ती तशीच पाय पुसत शिडी चढली. फळीच्या टोकाशी उसळली, आणि मी डोळे मिटून घेतले. टाळ्या ऐकून उघडले. हात टिकले होते.

उरलेल्या उड्यांतही टिकले. शेवटची तर अशी झाली की पाणी जेमतेम हललं. मग गुणफलकावर निकाल आला. ती चौथी होती.

परतताना ट्राममध्ये मला राहवलं नाही. "माझ्या तेलानं घात केला," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

"मूर्खासारखं बोलू नकोस. तेल मी लावलं. आणि नंतरच्या उड्या काही तुझ्या साबणानं मारल्या नाहीत, मी मारल्या."

घरी आल्यावर तिनं रेडिएटरवरची बाटली उचलून माझ्या हातात दिली, सोफ्यावर बसली आणि ट्रॅकपँट गुडघ्यांपर्यंत वर ओढली. नडग्यांवर तिच्याच नखांचे लाल ओरखडे होते.

"लाव," ती म्हणाली. "भरपूर लाव. आता हे पाय मला उडीत धरायचे नाहीयेत."