सम्यकमधला स

सागरभाऊजी गेले असा फोन आला तवा मी सम्यकला भात भरवत हुते. मी किंचाळले, स्टीलचं ताट फरशीवर आदळलं... अन् माझं वर्षाचं पोर मान न वळवता सांडलेला भात चिवडत राहिलं. रडायचं सोडून मी त्याच्याकडंच बघत बसले.

भाऊजी म्हंजी माझे धाकटे दीर. कुसगावातनं शिकून इंजिनेर झाले. काम काय म्हणलं तर सांगायचे, "मफलर." मंग काय, माझ्या सासूनं, म्हंजी आत्यांनी, सगळ्या आळीत सांगितलं, माझा पोरगा मफलर विणतो! शेजारची मावशी म्हणली, "सागऱ्या, आमच्या आबांना बी आण की एक, लाल!" भाऊजी हसून हसून लोळले. "अगं मावशी, गाडीचा मफलर, सायलेन्सर! आबांना बांधला तर घोरणं तेवढं थांबंल!" मंग मला कॉम्प्युटरवर दावलं... सायलेन्सरचं चित्र, आतली हवा बारीक बारीक तुकड्यांत कापलेली, अन् वस्तू बनायच्या आधीच गणित सांगतं, कुठला आवाज अडणार, कुठला सुटणार. माझी शाळा आठवीत सुटली, पण येवढं कळलं, जाड आवाज येगळा, बारीक येगळा.

एक दिवस ते सम्यकच्या मागं बसले. रस्त्यानं ट्रक गेला, पोरगं वळलं. किल्ल्या वाजवल्या, न्हाई वळलं. "वैनी, ह्याला बारीक आवाज पोचंना असं वाटतंय." आत्या खवळल्या, "पोराला बी सायलेन्सर समजतो व्हय रं?" ते हळू म्हणले, "आई, अंदाज हाय, चुकंल बी. पुण्याला तपासू, मी येतो संगं." अन् त्याच आठवड्यात भाऊजींना डेंग्यू झाला...

भाऊजींच्या मागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आमच्या ह्यांना हाटेलातल्या कामातनं सुट्टी मिळंना, मी एकटीच पोराला घेऊन पुण्याला गेले. त्याला झोपवून डोक्याला तारा लावल्या. मंग तपासणाऱ्या बाईंनी कागदावरची रेघ दावली, जाड आवाजापाशी बरी, बारीकपाशी पार खाली कोसळलेली. म्हणल्या, "ताई, हाकेतला 'स' याला कधी ऐकूच आलेला नाही."

म्हंजी सम्यकमधला बी न्हाई, सागरकाकामधला बी न्हाई.

कानाचं मशीन अजून यायचंय. माझ्या फोनात भाऊजींची एक हाक राहिलीय, "सम्या, ए सम्या..." कुणाला पुसू देत न्हाई. मशीन लावलं की पयली तीच ऐकवणार हाय. पोरगं वळंल का न्हाई... अंदाज सांगणारं माणूसच ऱ्हायलं न्हाई.